ताप नाही, दुखत नाही

गाव आमचं नरडाण्याकडचं, स्टेशनापासून पायी तासभर. तिथून सुरतेची गाडी मिळते, आणि आमच्याकडे पोरगं दहावीत नापास झालं की बाप पुढे काय करतो विचारत नाही, सुरतेला कोणाकडे जातो ते विचारतो. मी चुलतभावाकडे आलो, सुरतेतच उधन्याला, अठरा वर्षांचा होतो, आता माझी मोठी मुलगी सासरी गेली. मधली सगळी वर्षं लूमवर, कापडाच्या मागावर. नाव माझं लोटन, पण खात्यात, म्हणजे कारखान्यात, नाव कोणी घेत नाही, घेऊन उपयोगच नाही, तुम्ही कामगारांचं लिहिता ताई, काय सांगू तुम्हाला, साठ मशीन एका हॉलमध्ये चालतात तं समोरच्याचं तोंड हलताना दिसतं, आवाज येत नाही.

म्हणून सगळं हातांनी. चहा आला तं अंगठा तोंडाला, शेठ आला तं पोटावरून मोठा गोल हात, मास्तर, म्हणजे आमचा मुकादम, आला तं मिशी. भिका तं हातांनी अख्खी गोष्ट सांगायचा. भिका म्हणजे माझा शेजारी, आठ मशीन त्याच्या, आठ माझ्या, मधे गल्ली, चौदा वर्षं. मास्तरची चाल करून दाखवायचा, अंगात आलेली बाई करून दाखवायचा, मान अशी गरगर फिरवायची, डोळे पांढरे, आम्ही हसत राहायचो आणि इकडे धागा तुटलेला असायचा. वाईट नव्हता हो. नकलाकार होता.

आणि तिथे जमीन हलते. पाळी सुटली तरी अंग तासभर थरथरतं, कप धरला तं चहा हलतो. मुली लहान होत्या तेव्हा छातीला कान लावायच्या, म्हणायच्या पप्पांचं मशीन अजून चालू आहे. मग तीच सवय लागली, छातीत काही झालं की मशीनचं आहे. मोठीला सासरी पाठवताना छाती हलायला लागली, तेव्हापण कोकिळाला, म्हणजे बायकोला, म्हटलं, काल डबल पाळी केली ना, त्याचं आहे. ती म्हणे, हो का. आणि बघत राहिली माझ्याकडे.

भिकाचं सांगतो. दुपारची जेवणाची सुटी व्हायची होती. त्याच्या मशीनच्या विजेच्या बोर्डाची वायर उघडी होती, वर नुसती पट्टी चिकटवलेली, ती गरम होऊन सुटायची. भिकानं तीनदा सांगितलं मास्तरला, मी उभा होतो बाजूला. मास्तर म्हणे शेठ बाहेरगावी आहेत, आल्यावर बघू. तं मी वळून बघितलं, भिका बोर्डाजवळ उभा आणि मान फिरवतोय, अंग हलवतोय, डोळे पांढरे. ताई, मी हसलो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पोलिसांना नाही, त्याच्या बायकोला नाही, कोकिळाला नाही. मी हसलो आणि हातानं म्हटलं, पुरे, मास्तर येईल. आवाज असता तं ओरडला असता तो, मला ऐकू आलं असतं. किती वेळ हसलो ते माहीत नाही. मग जळाल्याचा वास आला.

भिका गेला, आणि त्याच दिवशी चार वाजता मशीन चालू झाल्या. तुम्हाला राग आला, दिसतंय, तुमचं तोंड लाल झालं. मला नाही आला. शेठ म्हणे बीमवर माल आहे, सूत चढलेलं आहे, अटकवून चालणार नाही, आणि मी चालवल्या, माझ्या आठ चालवल्या आणि भिकाच्यापण चार बघितल्या. माल चांगला निघाला त्या दिवशी. सुटल्यावर भिकाचा डबा घासून त्याच्या घरी नेऊन दिला. रडलो नाही. आजूबाजूच्या खोल्यांतली माणसं म्हणाली लोटनभाऊ कडक माणूस आहे. मलापण वाटलं, असेल, कडक असेन.

पंधरा दिवस असं गेलं. सोळाव्या दिवशी सकाळी खात्याच्या जिन्याशी आलो आणि पाय चढेना. दुखत नव्हता. नुसता चढेना. मागची माणसं म्हणायला लागली, चाला ना काका, म्हटलं तुम्ही व्हा पुढे. घरी आलो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मास्तर खाली आला, म्हणे नाटक बंद करो लोटनभाऊ. शेठनं बोलावलं खाली ऑफिसात, म्हणे, शुं थयुं? ताव छे? म्हटलं ताप नाही. वाग्युं छे? म्हटलं मार नाही लागला. म्हणे, तो? म्हणजे, मग काय? ह्या ‘तो’ला मी काय सांगू. ताप असला तं दोन दिवस देतात, हात गेला तं महिना देतात, माझ्याकडे नावच नव्हतं त्याला. ज्याला नाव नाही त्याला सुट्टी नाही, म्हणे कामावर ये नाही तं जागा भरतो. भरली.

सरकारी दवाखान्यात गेलो. गुडघ्याचा फोटो काढला, गुडघा चांगला निघाला, ताकदीच्या गोळ्या दिल्या. एक डॉक्टरीणबाई होती, लहान, तुमच्याएवढी, म्हणे काका, मन कसं आहे? म्हटलं घरी सगळे बरे आहेत. म्हणे तसं नाही, तुमचं. मला खरंच समजलं नाही काय विचारते. माझं काय? बाहेर लाईन होती मोठी, तिनं पुढच्याला बोलावलं.

आणि तुमचा कागद. तुम्ही गेटवर वाटला तो, वर मोठ्या अक्षरात, कामगार पेटला आहे. मी दोनदा वाचला. म्हटलं कोण पेटला? मी बसलोय खोलीत, भाजी निवडतोय. तुम्ही मागच्या वेळी आले तेव्हापण विचारलं, काका, राग येत नाही का, आला पाहिजे. तुम्ही म्हणता तं आला पाहिजे, बरोबर आहे, पण कुठून आणू?

मग कोकिळा लागली कामाला. त्याच खात्यात, धाग्याच्या बॉबिन भरायला, खालच्या मजल्यावर. शेठनंच निरोप पाठवला. दुसरीकडे नव्या बाईला ओळखीशिवाय घेत नाहीत, आणि लहानीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. घरचं मी बघतो. स्वयंपाक करतो, भाकरी येते मला, वाकडी येते, ती हसते, म्हणे हा कुठल्या गावाचा नकाशा.

मागच्या आठवड्यात जेवताना ती म्हणाली, आमच्याकडचा बोर्ड गरम होतो, आज बोटाला चटका बसला. भिका गेला तेव्हा त्याच्या एकट्याच्या बोर्डाला झाकण लावलं, बाकीचे तसेच. ती सहज बोलली, डाळ वाढता वाढता. आणि माझ्या हातातला घास ताटात पडला. जीभ सुकली, तळपाय गार झाले, छातीत ते सुरू झालं, आणि या वेळी मशीनचं म्हणायला मशीनच नव्हतं, सहा महिने मी मशीनजवळ गेलो नव्हतो. तेव्हा कळलं. भ्याव म्हणतात ते हेच. एवढा मोठा झालो, लेकीचं लग्न केलं, आणि मला भीती ओळखता येत नव्हती. जिन्यावर तीच होती. मी पायाला औषध खात होतो.

त्या दिवशी भिकाकडे बघून हसलो, त्याचं आत जे बसलंय त्याचं नाव अजून मला माहीत नाही. असलं तं सांगा कधी.

दुसऱ्या दिवशी गेलो खात्यावर, बोर्डाचं सांगायला. गेटपर्यंत गेलो. आत नाही जाता आलं, कळूनसुद्धा नाही जाता आलं, मला वाटलं होतं नाव कळलं की सुटेल. मास्तर आत उभा दिसत होता, मी हाक मारली, परत मारली, आवाजात काय ऐकू जातं, हातानं बोर्ड दाखवला, तारेची खूण केली. त्यानं बघितलं. त्याला वाटलं मी काम मागतोय, हात हलवून नाही म्हटलं आणि वळला.

सोमवारी सकाळी कोकिळा चप्पल घालत होती. मी दारात उभा राहिलो, आडवा. म्हटलं, माले भ्याव वाटस, जाऊ नको. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पहिल्यांदा बोललो असं काही. तिनं डबा उचलला, माझ्या दंडाला हात लावून बाजूला केलं, हळूच, म्हणे, मालेबी वाटस. पन सातनी पाळी शे. आणि गेली.

आजपण गेली आहे. तुम्ही लिहा ताई, माझ्या नावावर राग लिहायचा तं तोपण लिहा, पण माझं खरं नाव टाकू नका, तिला काढतील. आणि एवढं बरोबर लिहा, बोर्ड तिच्या मशीनच्या डाव्या हाताला आहे, दरवाज्यापासून तिसरी मशीन. कोणी वाचेल, कोणी जाईल. तोवर तिचा हात तिकडे न जावो, बस.