नदीचे झिंगे

पौडच्या एसटी स्टँडवर चंद्राबाई झिंग्यांची पाटी घेऊन बसली होती. "पहाटंच धरणातनं काढल्यात," असं ती मला सांगत होती, तेवढ्यात एक म्हातारी पाटीपाशी येऊन टेकली.

"नदीचे हायेत का गं?"

"व्हय, नदीचेच. बघा की, अजून उड्या मारत्यात."

"दे मग पानात बांधून."

"घ्या. तवा चांगला तापवा. आधी ठेचलेलं आलं, मग कांद्याची पात, मग झिंगे. लाल झाले की लगीच उतरवा. जास्ती ठिवले की चिवट व्हत्यात."

"ठाव हाय गं. आमचा बहिरू चुलीपाशी बसूनच खायाचा."

"बहिरू म्हंजी ल्योक?"

"व्हय, थोरला."

"कुटल्या गावच्या तुमी?"

"धरणाच्या काठाचीच हाय मी."

"अगं बया! दारात पानी आन झिंगे हितं इकत घेता?"

"आखाडात होडी उलाटली. बाकीचे पवून आले, बहिरू अजून घावला न्हाई. तवापासनं आमच्या गावात धरणातलं कुनी काय खात न्हाई."

"आई गं."

"त्येचा बा जेवनाला शिवत न्हाई. काल म्हनला, बहिरूला आवडायचे तसे झिंगे कर. म्हनून एवढ्या लांब आले नदीच्यासाठी."

"आजी, त्ये पान द्या हिकडं."

"का गं?"

"झिंगे नासल्यात."

"नासल्यात? अगं, पानात अजून हालत्यात की!"