वासूने उचललेली निळी पेटी

नाव लोसालिनी वाकाउता, वय अंदाजे अडुसष्ट, धंदा चटया विणणे, राहणार नाइवाका गाव, कंदावू बेट, फिजी. समक्ष ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगते की,

मी सुनेसोबत राहते. माझी मुलगी मेरेवालेसी ब्रिस्बेनला असते. तिचे दिवस भरत आलेत, म्हणून मी गुरुवारच्या बोटीने, पुढे विमानाने निघणार आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही, मुलगी तिकडेच राहा म्हणते. मला साखरेचा आजार आहे. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी इन्सुलिनचा साठा बर्फाच्या पेटीत घालून दिला. पेटी विमानात मांडीवर घ्यायची, औषध बर्फाला चिकटून गोठू द्यायचं नाही, आणि ते नसेल तर जायचंच नाही, असं त्यांनी बजावलं. पेटी निळी आहे. दुपारचं खाडीचं पाणी असतं ना, तशी.

काल पहाटे ती ओसरीवर नव्हती. सून उनाइसी सुवा शहरात वाढलेली, तिने लगेच चोरीची तक्रार दिली. ती चोरी नव्हे. माझ्या मयत यजमानांच्या बहिणीचा मुलगा सेमेसा आमच्या घरचा वासू, म्हणजे मानाचा भाचा आहे. मामाच्या घरातलं काहीही न विचारता उचलावं, हा भाच्याचा मान. माझ्या लग्नात यजमानांच्या घरच्या वासूने भाजलेलं आख्खं डुक्कर उचलून नेलं, आम्ही हसत बसलो. सेमेसाने मासे ठेवायला पेटी नेली, नेताना आत बघितलं नाही.

मी किनाऱ्यावर जाऊन बसले. वारा नव्हता, समुद्र दुधासारखा पडून होता. डोळा लागला असावा, कारण माझे यजमान इसोआ प्रवाळाच्या कडेवर गुडघाभर पाण्यात उभे दिसले, डोक्यावर पेटी. जाग आली तेव्हा त्याच जागेवरून सेमेसाची होडी आत येत होती.

समुद्रात पेटी उघडल्यावर औषध दिसलं, ते त्याने केळीच्या पानात गुंडाळून बर्फापासून वेगळं ठेवलं होतं. नर्सबाईंनी तपासून चांगलं आहे म्हटलं. मामीचा जीव घेऊन मासे धरायला गेलास का, असं उनाइसीने त्याला सुनावलं. मासे मी नारळाच्या दुधात शिजवले, तक्रारीवरून आलेल्या हवालदारसाहेबांनीही दोनदा घेतले आणि मग सेमेसाला ठाण्यात आणलं.

वासूकडे परत मागत नाहीत, मी मागितली नाही. तोच म्हणाला, "मामी, पेटी आता माझी. तुला वापरायला देतोय. बाळाचे लाड कर नि माझी पेटी मला आणून दे. तिकडेच बसलीस तर तक्रार मी देईन."

पेटी त्याची आहे, मी ती उसनी नेत आहे. सबब त्याला सोडावं, गुरुवारी बोटीपर्यंत मला तोच नेणार. उनाइसीला परतीचं तिकीट काढायला सांगितलं आहे.

जबाब मला आमच्या बोलीत वाचून दाखवला. माशांचा मजकूर गाळला होता, तो परत घालायला लावला. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून अंगठा केला.