शून्य आणि नऊ

स्मृतिभ्रंशाच्या दवाखान्यातल्या बाकावर शेजारी मायलेकी बोलत होत्या. कान माझे असले, तरी आवाज त्यांचाच मोठा होता.

“आई, ‘मी कोण?’ असं विचारलं, तर बाबा म्हणाले, नऊ!”

“अगं, विद्यापीठात सर्वेक्षणं मोजायचा पहिला प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला ना, त्यातलं आहे ते. माणूस ‘नाही’ म्हणाला तर कार्डावर शून्याचं भोक पाडायचं, उत्तरच मिळालं नाही तर नऊ.”

“म्हणजे मी बेपत्ता!”

“वेडे, शून्य नाही म्हणाले. तू कुणी नाहीस असं नाही, उत्तर सापडलं नाही, एवढंच. कुणी दोन्ही एकत्र मोजले, तर साहेबांशीसुद्धा अबोला धरायचे ते.”

“चला, शून्यातून तरी सुटले. तुला काय म्हणाले?”

“मी विचारलंच नाही गं.”

“इतके दिवस?”

“चहा हवा का, एवढंच विचारते.”