गाडीचा एकोणपन्नासचा आकडा

अहो, माझी बायको सुनंदा नसती ना, तर बमरोलीतल्या कापड कारखान्याचा तो लूमवाला मालक आजही माझ्यावर हसत असता. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये कामगार भोवळ येऊन पडत होते आणि तो मला म्हणे, "साहब, गरमी तो सब जगह है!"

मी भडकून बाहेर आलो. सुनंदा एसी लावून गाडीत बसली होती. डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान एकोणपन्नास! सरकारी आकडा एक्केचाळीस. मी तिथूनच आमच्या पेपरच्या ऑफिसला फोन लावला. "बातमी लिहून घे, सरकारवाले आकडे लपवतायत!"

सुनंदानं फोन काढून घेतला. "अहो, तो सेन्सर पुढच्या बंपरमागे असतो. गाडी केव्हाची चालूच उभी आहे. तो इंजिनाची आणि डांबराची धग दाखवतोय."

"तुला कोणी सांगितलं?"

"बंपर बदलताना मेकॅनिकनं. तुम्ही त्याच्याशी भांडत होतात. चालवा आता."

गाडी पळाली, वारा लागला, तसा आकडा बेचाळीसवर उतरला. तो एकोणपन्नास छापला असता, तर मालकानं त्या एका चुकीवर सगळी बातमी खोटी ठरवली असती.

"आकडाच हवा ना? मग शेडमध्ये थर्मामीटर टांगा," सुनंदा म्हणाली.

टांगलं, आणि त्यावर दिसला तोच आकडा छापला. मालक स्वतःचं थर्मामीटर घेऊन भांडायला आला, पण शेडमध्ये तेही तेवढंच दाखवत होतं. शेवटी त्यानं मोठे पंखे बसवले.

कामगार पेढे घेऊन घरी आले, तेव्हा मी म्हटलं, "तिच्या हातात द्या. मी फक्त भांडलो."