शेजारी विचारा

...आणि दार पुरतं उघडतसुद्धा नाहीत हो! फटीतून एक डोळा, अर्धं नाक, आणि पाठ केल्यासारखं वाक्य, "आमच्याकडे नाही हो कुणाला काही, शेजारी विचारा!" अरे, मी काय विचारतोय ते तर ऐका! मी आरोग्य खात्याचा माणूस. कुठल्या गल्लीत कुठला रोग शिरलाय, कोण कशानं गेलं, हे शोधत जिने चढायचे, हेच माझं काम. तुम्हाला सांगतो, चोर पकडणं सोपं, तो निदान पळतो तरी! इथं कावीळ गादीवर लोळत असते आणि घरचे म्हणतात, "झोपलेत ते, रात्रपाळी होती..."

आता एका इमारतीतले आजोबा गेले. त्यांच्या मुलीसारख्या सुनेला सातवा महिना, ती दाराआड उभी, सासूबाई पुढं. विचारलं, "आजोबा कशानं गेले?" "वयानं." आता वय हा काय रोग आहे? वय तर मलाही आहे! "डोळे पिवळे झाले होते का हो?" "चष्मा लावायचे ते." बोला! अहो, अशा दिवसांत पोरीला कावीळ झाली तर दोन जिवांवर बेततं. म्हटलं, "हिचं रक्त तपासून घेऊ या?" "आमच्याकडे नाही हो कुणाला काही, शेजारी विचारा!" धाडकन दार बंद.

विचारतो ना मग! समोरचं दार वाजवलं आणि म्हटलं, "त्या समोरच्या घरात कोण आजारी आहे हो?" अहाहा! दार सताड उघडलं, खुर्ची आली, तांब्याभर पाणी आलं, आवाज खाली आला... "आजोबा ना? हळदीत बुडवून काढल्यासारखे झाले होते! आणि सून कालपासून ओकतेय, आमच्या न्हाणीघरात ऐकू येतं." मग काय, वरच्यांनी खालच्यांचं सांगितलं, खालच्यांनी वरच्यांचं, सगळी इमारत कळली, आणि स्वतःचं सांगेल तर शपथ! पण गंमत बघा, आजारी सगळे मागच्या जिन्याचे. पुढच्या जिन्याला एकजण नाही. का बरं? मला चैन पडेना. मागं जाऊन वाकून बघतो, तर मागच्या जिन्याला पाणी चढवणारा पाइप गटारातून निवांत चाललाय, आणि सांध्याला ही एवढी चीर!

पाणी बंद करवलं आणि पुन्हा त्या दारात. म्हटलं, "आजोबा वयानं गेले, मान्य. पण हिचं वय नाही ना झालं, आजी?" मग त्यांनीच आधी चपला घातल्या. रक्तात निघालीच कावीळ, पण वेळेत निघाली. पोरगी वाचली हो! इतका आनंद झाला मला... असो.

आता तुम्ही म्हणाल, मग ही कुरकुर कसली? अहो, मागच्या जिन्याच्या प्रत्येक घरात मी पाणी प्यालो ना! नको म्हटलं की माणूस बोलत नाही, आणि बोलला नाही की रोग सापडत नाही. महिन्याभरानं आरशात बघतो, तर डोळे पिवळेजर्द! तेवढ्यात दार वाजलं. आमच्याच खात्यातला माणूस, चौकशीला! बायको दार उघडणार, इतक्यात आतून ओरडलं कोण? "आमच्याकडे नाही हो कुणाला काही, शेजारी विचारा!"... मीच!

त्यानं विचारलं. शेजारच्या काकूंनी माझ्या लघवीच्या रंगासकट सगळं सांगितलं... म्हणून तर आज तुमच्यासमोर उभा आहे.