काट्याखालचं चाक

…आणि वर तोंड करून म्हणतात, ‘तुझ्या भल्यासाठीच केलं!’ भलं! अहो, माझं इतकं भलं झालंय या घरात की आता अंगावर मांस राहिलं नाही आणि पायाखाली जमीन राहिली नाही. मला एक सांगा, वजन कुणाचं? माझं! जिने चढताना धाप कुणाला लागायची? मला! खुर्चीच्या हातांमध्ये अडकायचं कोण? मी! मग हे बाकीचे सगळे कशाला मध्ये तडमडले? हसा, हसा… ते पहिल्या रांगेतले काका, तुम्ही हसू नका, तुमच्या शर्टाचं तिसरं बटण केव्हाचं जीव मुठीत धरून बसलंय.

तर तुम्हाला सांगतो, मी कॉलेज सोडलं. का सोडलं? विचारू नका. जो मास्तर वीस वर्षांपूर्वीच्या पिवळ्या कागदांवरून वाचून दाखवतो आणि मध्येच पान उलटलं गेलं तर त्याला स्वतःलाच कळत नाही, त्याच्यासमोर मी झोपायचो, आणि झोप घरी जास्त चांगली लागते. पण घरी वडील! वडील निवृत्त. निवृत्त माणसाला काम काय? मी! सकाळी डोळे उघडले की समोर वडील, हातात पेपर, आणि पेपरच्या वरून दोन डोळे. ‘उठले का साहेब? कॉलेज सोडलंत, अंथरूण कधी सोडणार?’

अशात एक दिवस मी रस्त्यानं चाललो होतो, आणि वर बघितलं. मोठ्या काचेच्या इमारतीवर चार माणसं लटकलेली. दोराला फळी, फळीवर माणूस, बाजूला बादली, हातात रबराची पट्टी… वरून खाली एक फटका, स्वच्छ! पुन्हा एक फटका, स्वच्छ! आतमध्ये कोट घातलेले लोक मीटिंगमध्ये एकमेकांवर ओरडतायत, आणि बाहेर हा गडी शांतपणे त्यांच्या तोंडावर फेस फासतोय. मला तर गहिवरून आलं हो! आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, तिथं कुणी पोचत नाही. बाराव्या मजल्याच्या बाहेर आत्या येऊन ‘तू काय खाल्लंस रे आज?’ असं विचारू शकत नाही!

खाली ठेकेदार उभा होता. सगळे त्याला कप्तान म्हणतात. मी म्हटलं, ‘कप्तान, मला पण तिथं सोडा.’ त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग डावीकडून उजवीकडे बघितलं, त्याला जरा जास्त वेळ लागला. म्हणाला, ‘भावा, फळीला मर्यादा असते. बादली, पाणी, सामान, सगळं धरून. माणूस ऐंशी किलोच्या आत पाहिजे. तू किती?’ मी म्हटलं, ‘शहाण्णव.’ तो काहीतरी बोलणार होता. ओठ उघडले होते त्याचे, हे लक्षात ठेवा! पण मी कुठला बोलू देतोय? म्हटलं, ‘कमी करतो! फळी माझ्यासाठी ठेवा!’ तो म्हणाला, ‘बरं. तीन महिन्यांनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी गोदामात ये, मोठ्या काट्यावर उभा राहा. ऐंशीच्या आत बसलास तर काम तुझं. आणि मागच्या गल्लीत पोरांची खोली आहे, तिथं एक खाट रिकामी आहे.’

खाट! ऐकलंत ना? खाट! जिच्या पायथ्याशी वडील पेपर घेऊन बसलेले नाहीत अशी खाट! पगार राहू द्या बाजूला, त्या खाटेसाठी मी हाडंसुद्धा कमी केली असती.

आणि मी गाढव, ही गोष्ट घरी बोललो.

बस्स. संपलं. वजन कुणाचं? माझं! पण दुसऱ्या दिवसापासून त्याचे चार मालक झाले. वडील म्हणाले, ‘चालायचं. आमच्या वेळी आम्ही चालायचो.’ आमच्या वेळी! यांचं पोट यांच्या आधी दारातून आत येतं, मग थोड्या वेळानं हे येतात, आणि हे मला चालायला शिकवणार! मला बागेत घेऊन गेले. स्वतः कुठे? बाकावर. सोबत आणखी तीन म्हातारे, चौघांच्या मध्ये तळलेल्या बटाट्यांची पिशवी. मी बागेला चक्कर मारून घामाघूम होऊन येतो, तर वडील तोंडातला घास न गिळताच म्हणतात, ‘अजून एक!’ आणि मी वळलो की मागून ऐकू येतं, ‘शिक्षण सोडलं, आता चरबी तरी सोडतो का बघू.’ चौघं हसतायत. बाक हलतोय. मी चालतोय!

मग आत्या. आत्या आमच्याकडेच असते, कुणी विचारू नये कधीपासून. तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातली बाई म्हणे कोबीच्या पाण्यावर राहिली आणि तिचा नवरा तिला ओळखेना. झालं! सकाळी कोबीचं पाणी, दुपारी कोबीचं पाणी, संध्याकाळी वेगळं काहीतरी… गार कोबीचं पाणी! घराला असा वास सुटला की पोस्टमन पत्रं जिन्यातच ठेवून पळायला लागला. ‘हळूहळू पी, चावून पी!’ अहो आत्या, पाणी कसं चावू? ‘तोंडात घोळव रे, आमचं ऐकायचंच नाही का?’ आणि एवढं सांगून बाई फडताळाआड जाते, आणि आतून आवाज येतो… कुर्रम… कुर्रम… बिस्किटं! ‘मला शुगर कमी होते रे, म्हणून.’

त्यात दाजी. बहिणीचा नवरा. घाम न येता घाम कसा गाळावा यावर तासभर बोलू शकणारा माणूस. एका रविवारी टेम्पोतून व्यायामाची सायकल घेऊन आला. ‘साल्या, तुझ्यासाठी आणली! दिवसाला तासभर मार, बघ कसा वितळतोस.’ मला भरून आलं. नंतर बहिणीचा फोन, ‘नेली का रे ती अडगळ एकदाची? दोन वर्षं म्हणतेय, फेकून दे!’ आता त्या सायकलवर आई टॉवेल वाळत घालते. मी टॉवेल बाजूला करून बसलो की आई येते, ‘अरे ओले आहेत, उतर.’

आणि आई! आईचं तर काय सांगू! बाकी सगळे वजन काढतायत आणि ही मागच्या दारानं भरतेय. सगळे उठले की ताट घेऊन येते, डोळ्यांत पाणी, ‘किती रे वाळलास, एवढा भात खा, कुणाला सांगू नकोस.’ मी म्हणायचो, ‘आई, खाट!’ ती म्हणायची, ‘इथं काय जमिनीवर झोपतोस का?’

पण मी खाल्लं नाही. खरंच सांगतो. बागेत चक्कर मारली, कोबी प्यायलो, आई नसताना सायकल मारली, ताट परत पाठवलं. त्या खाटेसाठी! आणि आमच्या न्हाणीघरात एक जुना काटा आहे, पायाखाली ठेवायचा, सुईवाला. रोज सकाळी त्याच्यावर चढायचो. सुरुवातीला सुई उतरली. शहाण्णववरून ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी… एकदा तर एका रात्रीत तीन किलो गेले! मी नाचलो. दुसऱ्या दिवशी पाच किलो परत! अहो, रात्रभर मी झोपलो होतो, झोपेत काय हत्ती खाल्ला? मग चौऱ्याऐंशीवर येऊन काटा जो अडला तो अडला. पँट कमरेवर राहीना. पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडली. म्हटलं, ‘बाबा, पँट गळतेय, म्हणजे मी उतरलो असणार.’ वडील म्हणाले, ‘पट्ट्याचं चामडं सैल झालंय.’ आत्या म्हणाली, ‘कापड धुऊन धुऊन ताणलं गेलंय.’ म्हणजे बघा, या घरात चामडं बदलू शकतं, कापड बदलू शकतं… मी नाही!

तो सोमवार उजाडला. अंघोळ केली, नखं कापली, हो, नखंसुद्धा! आणि काट्यावर चढलो. त्र्याऐंशी. मागे वडील दारात उभे. हळूच म्हणाले, एवढ्या हळू कधी बोलत नाहीत ते, ‘जाऊ दे. हुकलं थोडक्यात. चार लोकांत काट्यावर चढून हसं करून घेऊ नकोस.’ मी काय करणार? गोदामातला तो पोत्यांचा काटा, भोवती सगळी काडी काडी पोरं, आणि मी वर उभा, आणि कप्तान मोठ्यानं आकडा वाचतोय… नाही गेलो. दार लावून पडून राहिलो. संध्याकाळी वडिलांनी पेपरसुद्धा वर केला नाही. मला वाटलं, वाईट वाटलं असेल त्यांना. बघा माझा चांगुलपणा!

पुढच्या आठवड्यात वडिलांच्या पित्ताच्या गोळ्या आणायला मला औषधाच्या दुकानात पाठवलं. दारात ते बोलणारं मशीन आहे ना, नाणं टाकायचं आणि आतून बाई बोलते. सहज चढलो. बाई म्हणाली, ‘आपले वजन… अठ्ठ्याहत्तर किलो.’ मी म्हटलं, बाई, तुम्ही कुणाशी बोलताय? पुन्हा नाणं टाकलं. ‘अठ्ठ्याहत्तर.’ मी दुकानदाराला गल्ल्यावरून उठवून चढवलं. म्हटलं, ‘बरोबर दाखवतंय?’ तो खाली उतरला आणि पडलेल्या तोंडानं म्हणाला, ‘दुर्दैवानं, हो.’

घरी आलो. गोळ्या फेकल्या. काटा उचलून उलटा केला. खाली एक चाक! एवढंसं, काळं, बोटानं फिरवायचं, की सुई मागेपुढे सरकते. तुम्ही म्हणाल, अरे मूर्खा, रिकामा काटा शून्यावर आहे की नाही हे बघत नव्हतास? अहो, जाड माणूस काट्यावर चढताना खाली बघतो का? तो आधी छताकडे बघतो, श्वास आत घेतो, आणि मग एकदम, झटक्यात खाली बघतो! शून्य माझ्या नशिबी आलंच नाही कधी.

काटा घेऊन बैठकीत गेलो. ‘हे चाक कुणी फिरवलं?’ कोबीसुद्धा उकळायचा थांबला. मग आई रडायला लागली, ‘मी फिरवलं रे. थोडं कमी दिसलं तर तू दोन घास जेवशील म्हणून.’ आत्या म्हणाली, ‘मी पण… पण माझ्यापुरतं हो! मंगळवारच्या मंगळवारी, मनाला बरं वाटतं.’ आणि वडील? वडील म्हणाले, ‘या दोघी खाली करून ठेवायच्या, म्हणून मी वर करायचो. नाहीतर तू सैल पडला असतास. तुझ्या भल्यासाठी!’ म्हणजे बघा, मी वर चढून उपाशी मरतोय आणि माझ्या पायाखाली तिघांची रस्सीखेच चाललीय! वजन कुणाचं? माझं! पण चाक ज्याच्या त्याच्या बोटात!

मी म्हटलं, ‘आणि त्या सोमवारी? त्या सोमवारी कुणी फिरवलं?’ वडिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, ‘माझा मुलगा दुसऱ्यांच्या खिडक्या पुसणार?’ मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, ‘आणि दोर तुटला असता तर?’

अहो, तुटला असता तर तुटला असता! माझा होता ना दोर?

तसाच धावत गोदामात गेलो. पँट हातानं धरून! म्हटलं, ‘कप्तान, अठ्ठ्याहत्तर! मोठ्या काट्यावर घ्या, आत्ता घ्या!’ कप्तान म्हणाला, ‘भावा, फळ्या भरल्या. वाट बघितली तुझी. दुपारपर्यंत थांबलो.’ मी म्हटलं, ‘काहीही काम द्या, बादल्या भरतो.’ तर म्हणाला, ‘एक जागा आहे बघ. गच्चीवर. दोर सोडायला आणि ओढायला. खाटेसकट. पण…’ म्हटलं, पण काय? ‘तिथं भारी गडी लागतो. नव्वदच्या वरचा. हलका ठेवला तर खालचा जातो खाली आणि वरचाही जातो त्याच्या मागून.’ माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली. ‘पहिल्या दिवशी तू आलास ना, तेव्हाच म्हणणार होतो, तू वर बस. काय देह होता! पण तू बोलूच देईनास.’

थांबा, पाणी पितो.

जागा महिनाभर ठेवतो म्हणालाय. घरी सांगितलं… नाही, सांगितलं नाही, आता मी शहाणा झालोय, पण आईला ताट वाढायला सांगितलं आणि ती आनंदानं इतकी रडली की सगळ्यांना कळलं. आत्यानं लगेच दुसरा व्हिडिओ काढला, ‘पंधरा दिवसांत गोलमटोल’. दाजी सायकल परत मागतोय. काटा मी उशाशी घेऊन झोपतो. आणि खायला बसलो तर दोन घासांत पोट भरतं हो! कोबीनं आत सगळं आखडून टाकलंय.

मग काल वडील आले. दारात उभे राहिले, आधी पोट, मग ते. म्हणाले, ‘असं होत नसतं वजन. चल माझ्याबरोबर. मी करतो ते करायचं, बास.’ तुम्हाला सांगतो, जन्मभर या माणसानं मला शेजारच्या मुलाचं उदाहरण दिलं, मावशीच्या मुलाचं दिलं, रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी मुलाचंसुद्धा दिलं. स्वतःचं उदाहरण आयुष्यात पहिल्यांदा दिलं, आणि नेमकं तेच मला घ्यावं लागतंय!

आता रोज बागेत जातो. चक्कर नाही, बाक. मी आणि वडील शेजारी शेजारी, मध्ये बटाट्यांची पिशवी, दोघांचे हात आळीपाळीनं आत. आज सकाळी त्या तिघांतला एक म्हातारा माझ्याकडे बघून वडिलांना म्हणाला, ‘पोरगा आता भरायला लागला हो. अगदी तुमचाच बांधा!’

आणि वडील खूश!

वजन कुणाचं म्हणालो मी मघाशी?… जाऊ द्या. तिकडे बाकावर बटाटे गार होतायत.