उन्हात शिंकणारं घराणं

नाही नाही, आनुवंशिकता तपासायच्या तुमच्या नळीत थुंकायला माझी हरकत नाहीच, मॅडम, थुंकेन की, सगळं घराणं ओळीने थुंकेल — पण आधी नातीची शिंक होऊ दे. तिला बाहेर आणतीलच इतक्यात, तोवर बसा, त्या छत्र्या सारा बाजूला, ओल्या नाहीत, विकायच्या आहेत. आम्ही छत्रीवाले आणि आम्हालाच ऊन सोसत नाही, लोक हसतात, हसू देत. सावलीतून उन्हात पाऊल टाकलं की आमच्यातला अस्सल माणूस शिंकतो म्हणजे शिंकतोच. म्हणून मूल वर्षाचं झालं की अंधाऱ्या खोलीतून काढायचं आणि थेट या उंबरठ्यावर उन्हात धरायचं. शिंकलं तर आपलं. नाही शिंकलं तर — आपलंच हो, पण मागच्या खोलीतलं.

कुणी ठरवलं म्हणजे? विज्ञानाने ठरवलं. आजोबांच्या वेळी एक प्रोफेसर आला होता, चिमटे, पट्ट्या, सगळा सरंजाम घेऊन — उत्तम वंश कोणते, यावर ग्रंथ लिहीत होता. त्याने आमची डोकी मोजायला घेतली, तर एकाचं लांबट, दुसऱ्याचं चपटं, आणि थोरल्या चुलत्यांचं तर चिमट्यातच मावेना. बिचारा रडकुंडीला आला. शेवटी म्हणाला, निदान फोटो तरी काढू, आणि सगळ्यांना अंगणात उभं केलं — तर सगळे एकदम शिंकले. फोटो एकही धड आला नाही, पण प्रोफेसरचं काम झालं. हीच उच्च वंशाची खूण, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं आणि चांदीचा कप दिला. चांदी उडाली, आत पितळ निघालं, ते सोडा. तुम्ही म्हणता त्याचं शास्त्र पुढे खोटं ठरलं, संस्था बंद पडली, त्याच्यासारख्यांचं ऐकून सरकारांनी हजारो गरीब, आजारी माणसांना मुलं होणंच बंद करून टाकलं — असेल. पण कप परत मागायला कुणी आलं नाही.

आणि तुमची ती बटणं. छत्रीच्या पट्ट्यांची काळी-पांढरी बटणं टेबलावर ओतून तुम्ही मघाशी जे दाखवलंत ते मला पटलं नाही. म्हणजे कळलं, म्हणूनच पटलं नाही. प्रत्येकाकडे दोन बटणं, एक आईचं, एक बापाचं. काळं म्हणजे शिंक. एक जरी काळं असलं तरी माणूस शिंकणार, आणि पांढरं त्याच्या आड लपून बसणार. बरं. दोन्ही पांढरी आली की ती जोडी मी काढून फेकली, पुन्हा कालवलं, पुन्हा फेकली, हात दुखून आले — तरी पांढरी निघतायतच. मठात वाटाणे लावणारा तो कोण साधू, त्याच्या मागून कुणी क्रिकेटवेडा गणिती आला म्हणे आणि त्याने हिशेब मांडला, की नुसतं कालवत राहिलं तर बटणांचं प्रमाण ढळत नाही. आणि फेकत राहिलं तरी? तरी लपलेली हाताला लागतच नाहीत. अहो, म्हणजे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या झाडू मारतोय आणि कचरा आमच्याच खिशात?

मी? मी शिंकतो की. म्हणजे — शिंकलो असतो. माझ्या दिवशी नेमकं आभाळ आलं होतं. आजोबा म्हणाले, आभाळात मुलगा शिंकला नाही तर दोष आभाळाचा. नियमात बसतं ते. बहीण? हो, जुळी आम्ही, तुम्हाला कुणी — बरं, मीच बोललो असेन. तिलाही त्याच दिवशी धरलं, माझ्या पाठोपाठ. तिच्या वेळी ऊन पडलं होतं म्हणे. एवढ्यात कसं पडलं ते मला काय विचारता, मी वर्षाचा होतो. खूण नसलेल्यांनी वंश वाढवू नये, हा प्रोफेसरचा सल्ला, आणि आजोबा पडले कप घेतलेला माणूस. ती वयात आली, एकदा पोट दुखतं म्हणाली, सर्जनने ऑपरेशन केलं. तिला अपेंडिक्स सांगितलं. अजून तेच सांगतो. मागच्या खोलीत छत्र्यांचं कापड शिवते, टाका इतका बारीक की आत यावं का नाही, याचा पाण्यालाही विचार पडावा — असं बघू नका, मॅडम. आता सुधारलोय आम्ही. ऑपरेशन-बिपरेशन काही नाही. फक्त लग्न लावायचं नाही आणि घराण्याच्या फोटोत उभं करायचं नाही.

हां, आली. सरका जरा. नातीला कडेवर घेतलीय ती माझी सून. आज सकाळी मला म्हणाली, "बाबा, ही शिंकली नाही तर मीही हिच्याबरोबर मागच्या खोलीत राहायला जाईन." — धर, उन्हात धर, तोंड वर. बघा, डोळे कसे टक्क उघडे. हसतेय. सूर्याकडे बघून हसतेय, लबाड. थांबा, कुणी हलू नका, कधी कधी उशिरा येते... नाकाला हात लावला, हां, हां — नाही, नुसतंच खाजवलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. निकाल मीच सांगायचा असतो ना.

शिंकली.

शिंकली म्हणतो ना मी. बारीक होती, लहान जीव, केवढीशी शिंक असणार. तुम्ही ऐकलीत ना, मॅडम? तुम्हाला खोटं बोलायची सवय नसेल, पण नुसती मान हलवायला काय शास्त्र लागतं — हां, हलली मान. बघितलंत सगळ्यांनी? मॅडमनीही ऐकली, आणि त्या विज्ञानातल्या आहेत. धाकटे काका तर म्हणतायत दोनदा शिंकली, त्यांना दाराची घंटासुद्धा ऐकू येत नाही, पण माणूस मनाचा मोठा. अगं, घे तिला आत, रडतेस काय.

आता आवरा त्या नळ्या. थुंकणं-बिंकणं काही नको, कुणाच्या खिशात कुठलं बटण ते कळून कुणाचं भलं झालंय. निघा तुम्ही. आणि पुढच्या दाराने जा. मागे बहीण बसलीय, ती विचारेल, पोर शिंकली का म्हणून. तुम्ही हो म्हणालात, तर ती इतकी खूश होईल, की —

जा म्हटलं ना.